‘अभिजन’ म्हटलं की जन्म आलाच का? श्रेष्ठांसाठीचे आपले शब्द

दोनओळी (धागाकर्ती)

मंडळी, गेले चार दिवस एका शब्दापाशी अडले आहे. एकटीने सुटत नाही, म्हणून धागा काढते.

मी भाषांतराचं काम करते. सध्या हातात कामगार चळवळीवरचा एक लांबलचक लेख आहे. त्यात ‘एलीट’ हा शब्द अकरा वेळा येतो. समाजशास्त्राच्या मराठी पुस्तकांत त्याला ‘अभिजन’ हा शब्द रुळलेला आहे, म्हणून पहिल्या खर्ड्यात मी अकराही ठिकाणी ‘अभिजन’ लिहून मोकळी झाले. मग कागद हातात घेऊन मोठ्याने वाचायला बसले (भाषांतर तपासायची माझी हीच रीत), आणि या वाक्याला जीभ अडखळली :

‘कामगारांमधल्या अभिजनांनी संपाची सूत्रे हाती घेतली.’

हे अभिजन कोण, ते लेखात पुढे आलंय. पाळी संपल्यावर इतरांची पत्रं लिहून देणारे, यंत्र अडलं की ज्यांच्या नावाने हाका सुरू व्हायच्या ते, मुकादमाच्या नजरेला नजर देऊन बोलणारे असे दहाबारा जण. एकाच्याही घराण्याचा लेखात उल्लेख नाही, आणि असण्याचं कारणही नाही.

‘अभिजन’च्या तर पोटातच जन्म आहे. संस्कृतात अभिजन म्हणजे कूळ, घराणं. पाणिनी ‘निवास’ आणि ‘अभिजन’ असे दोन वेगळे शब्द वापरतो, आणि पतंजलीने त्यांतला फरक उलगडून सांगितलाय : आज जिथे राहतो तो निवास, पूर्वज जिथे राहून गेले तो अभिजन. व्याकरणकारांच्या लेखी हा वाडवडिलांच्या ठिकाणाचा शब्द!

‘एलीट’ची गोष्ट नेमकी उलटी. तो फ्रेंचमधला, ‘निवडणे’ या क्रियापदापासून झालेला. त्याच लॅटिन मुळातून ‘इलेक्शन’ आलं. विल्फ्रेदो पॅरेटो या इटालियन अभ्यासकाने 1916च्या आपल्या ग्रंथात तो अगदी रोखठोक वापरलाय. माणसाच्या प्रत्येक कामाला दहापैकी गुण द्या, आणि ज्या त्या कामात सगळ्यांत वर येतील ते तिथले एलीट. लबाडीत तरबेज असलेल्यालाही तो त्याच्या कामाचे वरचे गुण देतो. कुळाचा प्रश्नच नाही.

मग निवडीच्या शब्दाला आपण जन्माचा शब्द का दिला? आणि मराठीत गटातल्या उत्तमांसाठी जे डझनावारी शब्द आहेत, त्यांतला प्रत्येक जण माणसाला कशाच्या बळावर ‘वर’ नेतो? यावर लिहा. मला एक वाक्य दुरुस्त करायचंय, पण आता गोष्ट त्या वाक्यापुरती राहिलेली नाही.

कोरडवाहू

‘निवडक’ का नको? एलीट आणि इलेक्शन एका मुळाचे, तसेच आपले निवडक आणि निवडणूकही एकाच मुळाचे. इतकी तंतोतंत जोडी दुसरी मिळणार नाही.

दोनओळी

मलाही आधी तेच सुचलं होतं. ‘निवडक कामगारांनी संपाची सूत्रे हाती घेतली’ असं लिहून पाहिलं. वाचणारा लगेच विचारतो, निवडले कुणी? ‘निवडक’ म्हटलं की निवडणारा हात कुठेतरी बाहेर असतो. निवडक कथा, निवडक पत्रं, तिथे संपादक असतो. या कामगारांना कुणी निवडलं नव्हतं. ते आपोआप पुढे दिसू लागले होते.

सुपातले

‘निवडणे’वर थोडं सांगते. परातीत धान्य पसरून निवडायला बसलं की बोटं काय शोधतात? खडा, काडी, किडका दाणा. चांगला दाणा कुणी उचलत नाही, तो जागीच राहतो. निवडणं म्हणजे नको ते काढून टाकणं. ‘वेचणे’ उलटं आहे. फुलं वेचताना हवं ते एकेक उचलायचं आणि बाकीचं तिथेच सोडायचं. म्हणून ‘निवडक’ आणि ‘वेचक’ हे मला एका अर्थाचे वाटत नाहीत. निवडकात घाण गेल्यावर उरलेले सगळे येतात, वेचकात नजरेत भरलेले थोडेच.

तिसरा सख्खा शब्द ‘शेलका’. चार वस्तूंतली सरस ती शेलकी. आता हा शब्द चांगल्या अर्थाने फारसा ऐकू येत नाही. ‘शेलक्या शब्दांत सुनावलं’ एवढाच उरलाय. निवडून काढलेल्या, नेमक्या लागणाऱ्या शब्दांसाठी तो इतका वापरला गेला की मूळचं कौतुक झिजून गेलं. मला याचं वाईट वाटतं. माझी आजी कापडाला ‘शेलकं’ म्हणायची, आणि म्हणताना ते दोन बोटांत चुरून पाहायची.

तळघर

उत्तम धागा. संस्कृतच्या बाजूने थोडी भर घालतो, जरा लांबेल.

अमरकोशात एक गंमतशीर नोंद आहे. व्याघ्र, पुंगव, ऋषभ, कुंजर, सिंह, शार्दूल, नाग हे शब्द समासात शेवटी आले की त्यांचा अर्थ ‘श्रेष्ठ’ होतो. नरपुंगव म्हणजे माणसांतला बैल असं नव्हे, माणसांतला श्रेष्ठ. आपल्याकडे ही रीत अजून जिवंत आहे. 1961 पासून कुस्तीतल्या अव्वल मल्लाला आपण ‘महाराष्ट्र केसरी’ म्हणतो. केसरी म्हणजे सिंह. अमरकोशाच्या यादीतली प्राणी जोडायची सवय आखाड्यात येऊन टिकली.

त्याच कोशात आणखी एक ओळ आहे, त्यात ‘प्रकांड’ हा प्रशंसावाचक शब्द म्हणून दिलाय. ‘प्रकांडपंडित’ आपण सर्रास म्हणतो. प्रकांड म्हणजे मूळचं काय, तर झाडाचा बुंधा, मुळापासून पहिल्या फांदीपर्यंतचा भाग. पंडितांतला बुंधा! शेंडा म्हटलेलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. फांद्या आणि पानं ज्याच्यावर उभी आहेत तो भाग.

आता ‘श्रेष्ठ’. पाणिनीप्रमाणे ‘प्रशस्य’ म्हणजे प्रशंसेला पात्र, त्याला ‘इष्ठ’ लागला की ‘श्र’ होऊन ‘श्रेष्ठ’ होतं. पुढच्याच सूत्रात त्याच ‘प्रशस्य’पासून ‘ज्येष्ठ’ही होतं, आणि त्याच्या पुढच्यात ‘वृद्ध’पासूनही ज्येष्ठच. म्हणजे ज्येष्ठ हा एकाच वेळी ‘सर्वांत चांगला’ आणि ‘सर्वांत वयस्क’. आपण मराठीत वय ठेवलं आणि चांगुलपणा सोडला.

श्रेष्ठचं पुढे काय झालं तेही पाहा. त्यापासून श्रेष्ठी, प्राकृतात सेट्ठी आणि आपल्याकडे शेठ. सर्वांत चांगला माणूस फिरत फिरत पेढीवर जाऊन बसला. ‘महाजन’चीही तीच वाट. महाभारतात ‘महाजनो येन गतः स पन्थाः’, महाजन गेले तीच वाट. नंतर महाजन म्हणजे व्यापारी, आणि मग सावकार.

एक विनंती. ‘सर्वश्रेष्ठ’, ‘श्रेष्ठतम’ असं लिहू नये. श्रेष्ठमध्ये ‘सर्वांत’ आधीच आलेलं आहे.

कोरडवाहू

तळघर, बाकी सगळं पटलं, शेवटचं नाही. शुक्ल यजुर्वेदाच्या पहिल्याच मंत्रात ‘श्रेष्ठतमाय कर्मणे’ आहे. तिथे चालतं तर आपल्याला का चालू नये?

तळघर

बरोबर आहे, मान्य. तो मंत्र मला पाठ आहे आणि लिहिताना आठवला नाही. विनंती मागे घेतो.

मोडीवाला

श्रेष्ठतमवरून आठवलं. उत्तमाच्या शब्दाला टेकू लावायची गरज आपल्याला सारखी पडते. ‘भारतरत्न’ 1954 पासून आहे. 1997मध्ये काही सरकारी कंपन्यांना ‘नवरत्न’ केलं, आणि काही वर्षांनी तेही अपुरं पडून ‘महारत्न’ काढावं लागलं. रत्नाच्या वर काय म्हणायचं हा प्रश्न भाषेला पडलाच.

आपली जुनी युक्ती मात्र मला जास्त आवडते : ‘सवाई’. सव्वापट. माधवराव पेशव्यांच्या मागून आलेला तो सवाई माधवराव, बालगंधर्वांनंतरचे ते सवाई गंधर्व. आधीच्याला पुसायचं नाही. त्याचंच नाव घ्यायचं आणि वर फक्त पाव चढवायचा. एखाद्याला श्रेष्ठ म्हणताना आधीच्या माणसाचा इतका मान राखणारा दुसरा शब्द मला माहीत नाही.

मुद्द्याचं लिहायचं ते फारसी-अरबीतून आलेल्या शब्दांबद्दल. जुनी कागदपत्रं वाचताना हे रोज भेटतात, आणि यांतला प्रत्येक जण माणूस मोठा कसा झाला याचं वेगळं कारण देतो. ‘मातब्बर’ हा अरबीतला ‘मुअतबर’, म्हणजे ज्याच्यावर विश्वास टाकावा असा. ‘तालेवार’मध्ये तालेअ म्हणजे नशीब. तालेवार तो नशीबवान. आज दोन्हींचा अर्थ पैसेवाला असाच होतो, पण एकाला लोकांच्या भरवशाने मोठं केलं आणि दुसऱ्याला नशिबाने. ‘उमराव’ हे तर ‘अमीर’चं अनेकवचन. आपण एकालाच उमराव म्हणतो. ‘अस्सल’मध्ये मूळ आहे, ‘अव्वल’मध्ये नुसता क्रमांक. ‘नामी’ म्हणजे नाव असलेला, म्हणून नामी वैद्यही असतो आणि नामी गुंडही. पॅरेटोला हा शब्द आवडला असता.

दोनओळी, तुमच्या वाक्यासाठी माझं मत ‘बिनीचे’. बिनी म्हणजे फौजेची आघाडी. 1772मध्ये शाह आलमला दिल्लीच्या तख्तावर परत नेणाऱ्या मराठी फौजेत महादजी शिंद्यांबरोबर विसाजी कृष्ण होते, त्यांचं आडनावच बिनीवाले पडलं. ‘बिनीचे शिलेदार’ आजही लिहितात. आणि शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला आलेला. ज्याला घोडा सरकारातून मिळायचा तो बारगीर. बिनीचा शिलेदार म्हणजे पहिला वार अंगावर घेणारा, तोही स्वतःच्या घोड्यावर बसून.

पिंपळपार

छान चाललंय. वाचते आहे.

‘उच्चभ्रू’ कसा राहिला? मला तो कायम चुकलेलं भाषांतर वाटत आलाय. इंग्रजीतल्या ‘हायब्राऊ’मधला ब्राऊ म्हणजे कपाळ. उंच कपाळाचा माणूस बुद्धिमान, अशी तिकडे समजूत होती. आपल्याकडे कुणीतरी त्याची भुवई केली, आणि भुवया उंचावलेला माणूस म्हणजे नाकं मुरडणारा असं चित्र झालं.

तळघर

चित्राबद्दल सहमत. पण चूक म्हणवत नाही. इंग्रजी ब्राऊ आणि संस्कृत भ्रू हे एकाच प्राचीन मुळाचे शब्द आहेत, आणि इंग्रजीतही त्या शब्दाचा आधीचा अर्थ भुवईच. कपाळ नंतर आलं. भाषांतर करणाऱ्याने नकळत शब्दाला त्याच्या भावाकडे नेऊन सोडलं.

पिंपळपार

हे माहीत नव्हतं! मग शब्दावरचा राग सोडते, वापरावरचा नाही. तिकडे हायब्राऊ म्हणजे बुद्धीने, आवडीनिवडीने वरचा. आपल्याकडे ‘उच्चभ्रू वस्ती’ म्हटलं की बुद्धीचा काही संबंध राहत नाही, जागेचा भाव तेवढा कळतो.

खडूफळा

मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. या धाग्यावर मला व्युत्पत्ती सांगता येणार नाही, पण एक शब्द सांगायचाय जो मी रोज वापरला : ‘अ तुकडी’.

आमच्या शाळेत आठवीला गुणांप्रमाणे तुकड्या पडायच्या. सगळ्या शाळांत तसं नसे, आमच्याकडे होतं. अ म्हणजे हुशार, ड म्हणजे जाऊ द्या. कुणी तसं बोलून दाखवत नसे, अक्षर पुरे होतं. एका वर्षी ड तुकडीतला एक मुलगा चाचणीत गणितात पूर्ण शाळेत पहिला आला. मी शिक्षकांच्या खोलीत सांगितलं तर पहिला प्रश्न आला, ‘कुणाच्या मागे बसला होता?’ त्याला मी पुन्हा माझ्यासमोर बसवून पेपर सोडवायला लावला. त्याने सोडवला. दोन गुण जास्तच मिळाले. तरी त्या वर्षी त्याची तुकडी बदलली नाही, याद्या झालेल्या होत्या.

मी तेव्हा भांडायला हवं होतं. भांडलो नाही. त्याने एकदा वहीच्या पुठ्ठ्यावर नाव, इयत्ता लिहून तुकडीची जागा कोरी सोडली होती. ती वही मी तपासली, सही केली आणि काही न बोलता परत दिली.

म्हणून दोनओळी, तुम्ही विचारलेला प्रश्न मला शब्दांपुरता वाटत नाही. ‘निवडलेले’ म्हटल्याने जन्म सुटतो असं नाही. आमच्या अ तुकडीत कुणाची मुलं होती ते मला ठाऊक आहे. घरी पुस्तकं होती त्यांची.

दोनओळी

सर, हे लिहिल्याबद्दल आभार. वाचून बराच वेळ काही टाइप करता आलं नाही. आणि मुद्दा खराच आहे. ‘एलीट’चा अर्थ निवडलेला असला तरी तिकडेही निवडून निवडून त्याच घरांतले निवडले जातात, हे माझ्या लेखातही आलंय. तो भाग मी विसरले होते.

पायवाट

‘श्रेष्ठ’ला आपल्या भाषेत पहिल्यांदा कोणता शब्द दिला गेला असेल, हा प्रश्न मनात आला आणि ज्ञानेश्वरी उघडली. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात ‘यद्यदाचरति श्रेष्ठः’ असा श्लोक आहे, श्रेष्ठ जसं वागतो तसं बाकीचे वागतात. त्यावर माउली म्हणतात :

‘एथ वडील जें जें करिती । तया नाम धर्मु ठेविती । तेंचि येर अनुष्ठिती । सामान्य सकळ ॥’

श्रेष्ठला ‘वडील’! प्राकृतात वड्ड म्हणजे मोठा, त्याचा हा वडील. वर तळघर यांनी ज्येष्ठ आणि श्रेष्ठ एकाच शब्दातून निघाल्याचं सांगितलं, ते इथे मराठीत पुन्हा घडलंय. आज वडील म्हणजे फक्त बाबा. वडीलधारी, वडीलकी यांत जुना अर्थ थोडा शिल्लक आहे.

या ओवीत मला आणखी एक दिसतं. वडिलांकडे धर्म आधीच आहे म्हणून ते वडील, असं माउली म्हणत नाहीत. ते जे करतात त्याला लोक धर्म हे नाव ठेवतात. नाव ठेवणारे सामान्य आहेत.

थोडं पुढे गेलं की ही ओवी येते :

‘मार्गाधारें वर्तावें । विश्व हें मोहरें लावावें । अलौकिक नोहावें । लोकांप्रति ॥’

मोहरें लावणं म्हणजे पुढे तोंड करून मार्गी लावणं. आपला ‘म्होरक्या’ याच मोहऱ्याचा, पुढच्या बाजूचा. आज म्होरक्या फक्त टोळीचा असतो, पोलिसांच्या बातमीत भेटतो. एवढा चांगला शब्द आपण गुन्हेगारांना देऊन टाकला. ‘अलौकिक’ उलट स्तुतीचा झाला, आणि इथे तर सांगितलंय की लोकांना अलौकिक वाटेल असं होऊ नको. त्यांच्यातलाच राहा.

सुपातले

पायवाट, ही ओवी शंभरदा ऐकलीय आणि ‘वडील’ शब्दावर कधी थांबले नव्हते.

मला एक विचारायचंय. नरपुंगव, पुरुषोत्तम, केसरी, शिलेदार, वडील. यांत बाई कुठे आहे? बाईला श्रेष्ठ म्हणायचं तर ‘स्त्रीरत्न’ म्हणतात, म्हणजे कुणाच्या तरी दागिन्यात बसवायची वस्तू. माझ्या ओळखीत एक बाई आहेत, चाळीस माणसांचा कारखाना एकट्या चालवतात. त्यांच्या सत्काराच्या पत्रात ‘रणरागिणी’ लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, मी कुठे भांडले?

तळघर

प्रश्न रास्त आहे. ‘अग्रणी’ आणि ‘अग्रगण्य’ दोघांनाही चालतात. अग्रणी म्हणजे पुढे होऊन नेणारा किंवा नेणारी, मोजणीत जिचं नाव पहिलं येतं ती अग्रगण्य. लिंग बदलायची गरज नाही, प्राणीही नाही. ‘कर्तबगार’ही निखळ आहे.

सुपातले

कर्तबगार! हाच हवा होता. पत्र लिहिणाऱ्यांना कळवते.

पिंपळपार

‘शिष्ट’बद्दल कुणी लिहिलं नाही अजून. पतंजलीच्या महाभाष्यात शिष्ट कोण याचं वर्णन आहे. मडकंभर धान्यावर भागवणारे, हावरे नसलेले, आणि काही फायदा दिसत नसतानाही एखाद्या विद्येत पार गेलेले. (ते ब्राह्मण असावेत असंही तिथेच आहे, म्हणजे जन्म तिथेही सुटलेला नाही.) भाषा शुद्ध कोणती ते या लोकांवरून ठरवायचं, असा त्याचा विचार. मराठीत आज ‘फार शिष्ट आहे ती’ म्हणजे कुणाशी बोलत नाही, नाक वर. मडकंभर धान्यावर राहणाऱ्या माणसाचं हे असं झालं. शिष्टाई आणि शिष्टमंडळ या दोन शब्दांत मात्र त्याची अब्रू राहिलीय. चार लोकांनी ज्यांचं ऐकावं असे म्हणून त्यांना मध्ये घालायचं.

बांधावर

उशिरा आलो. सगळं वाचून काढलं. माझ्याकडून एकच शब्द : धुरीण.

धुर् म्हणजे जुवाचा, गाडीचा पुढचा भाग, जिथे ओझं येतं ती जागा. ते ओझं वाहायला लायक तो धुरीण, ते धरणारा तो धुरंधर. ‘धुरा सांभाळली’, ‘धुरा खांद्यावर घेतली’ हे सगळं तिथलंच. काही भागांत शेताच्या बांधालाही धुरा म्हणतात, तो वेगळा.

आमच्याकडे बैल होते तोवर मी हे रोज पाहिलंय. जू जिथे टेकतं तिथे बैलाच्या मानेवर घट्टा पडतो. केस जातात, कातडी जाड आणि काळपट होते, हात लावला तर वहाणेच्या तळव्यासारखी लागते. नवा गोऱ्हा जुपला की त्याची मान आधी सोलवटते, मग बसते. बैल विकत घ्यायला आलेला माणूस दात बघतो, चाल बघतो, आणि एकदा मानेवरून हात फिरवतो. मालकाने कितीही सांगितलं तरी बैल कामाचा आहे की नाही हे तिथे कळतं.

समाजधुरीण म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर शाल पांघरलेला माणूस येतो. शब्दात मात्र घट्टा पडलेली मान आहे.

मोडीवाला

बांधावर, माझं ‘बिनीचे’ मागे घेतो. तुमचा शब्द जास्त बसतो. बिनीचा एकदा पुढे होतो, धुरीण रोज ओढतो.

कोरडवाहू

जुवावरून आणखी एक शब्द, अगदी घरचा : ‘उजवा’. ‘तो याच्यापेक्षा उजवा आहे.’ ‘डावं-उजवं करू नका.’ कूळ नाही, निवड नाही, फक्त हाताची बाजू. डावखुऱ्या मुलाला हे शब्द ऐकताना काय वाटत असेल, हे मला माहीत आहे कारण मी डावखुरा आहे.

आणि दहावी-बारावी झालेल्या प्रत्येकाला ठाऊक असलेला ‘क्रीमी लेयर’ विसरू नका. 1992च्या मंडल निकालापासून तो घरोघरी पोचला. सरकारी मराठी आहे ‘उन्नत व प्रगत गट’. पण दाखला काढायला रांगेत उभं असलेलं कुणीही ‘नॉन क्रीमी लेयर’च म्हणतं. सायीचा थर म्हणजे सगळ्यांत चांगलं, आणि इथे आपण त्या थरात नाही याचा कागद लागतो. गटातल्या वरच्यांना वेगळं काढून खालच्यांना जागा करून देणारा हा एकच शब्द मला आठवतो.

पायवाट

‘अभिजात’बद्दल एक राहून गेलं. 3 ऑक्टोबर 2024ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा कितीतरी जणांनी मला विचारलं की भाषा चांगल्या कुळात जन्मलेली कशी असेल? शब्दाचा अर्थ तोच होतो. पण ज्या ‘क्लासिकल’साठी तो घेतला, तोही धुतल्या तांदळाचा नाही. रोममध्ये मालमत्तेप्रमाणे नागरिकांचे वर्ग होते, त्यांतल्या सर्वांत वरच्या वर्गातला तो क्लासिकस. दुसऱ्या शतकात ऑलस गेलियसने तो लेखकांना लावला, ‘क्लासिकस लेखक, प्रोलेटारियस (म्हणजे सर्वांत खालच्या वर्गातला) नव्हे’ असा. साहित्यातल्या उत्तमाला मालमत्तेच्या यादीतला शब्द मिळाला.

दोनओळी

सगळ्यांचे आभार. काय केलं ते सांगते.

अकरा जागा पुन्हा एकेक करून पाहिल्या. चार ठिकाणी लेखक खरोखर घराण्यांबद्दल बोलतोय, पिढ्यान्‌पिढ्या तीच आडनावं संचालक मंडळावर येणाऱ्यांबद्दल. तिथे ‘अभिजन’ तसाच ठेवला. तिथे जन्म हवाच आहे. पाच ठिकाणी शिक्षण आणि परीक्षांतून वर आलेले लोक आहेत. तिथे ‘निवडले गेलेले’ असं मुद्दाम लिहिलंय, ‘निवडक’ नाही. निवडणारा हात दिसला पाहिजे. हे मला खडूफळा सरांच्या वहीवरून सुचलं.

संपादकांना हे पटायला वेळ लागला. एका संज्ञेला एकच प्रतिशब्द असावा असा त्यांचा आग्रह होता, आणि तो चुकीचा नाही. शास्त्रीय लेखनात वाचकाला धागा सापडला पाहिजे. शेवटी पहिल्या जागी तळटीप देऊन तिन्ही शब्द का, ते सांगायचं असं ठरलं.

उरल्या दोन जागा कामगारांच्या. वाक्य आता असं आहे :

‘कामगारांमधल्या धुरीणांनी संपाची सूत्रे हाती घेतली.’

बांधावर, तुमचा प्रतिसाद वाचून मी ‘सूत्रे हाती घेतली’ही खोडलंय. धुरीण असतील तर सूत्रं कशी? उद्या सकाळी मोठ्याने वाचून पाहणार आहे, पण आत्ता कागदावर ‘संप खांद्यावर घेतला’ असं आहे.

बांधावर

तेच ठेवा.